ओव्याची धुरी

काल गल्लीत ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मला समोरच्या घरचं ते बाळंतपण आठवलं बघा. पोरगी सातव्या महिन्यातच झालेली, ओंजळीत मावेल एवढी. बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून ती घरी आली होती. येताना डॉक्टरांनी बजावलं होतं की सोमवारी डोळे तपासायला आणाच, अशा लवकर झालेल्या बाळांच्या डोळ्यांतला पडदा सुटू शकतो, मग दिसणं जातं. सोमवारी सून बाळाला दुपट्यात गुंडाळून निघाली. भंडाऱ्याच्या एसटीपर्यंत सोबत करायला मी त्यांच्या घरी गेले, तर सासू शेगडीत ओवा टाकत म्हणाली, "सव्वा महिना झाल्याबिगर कवळं लेकरू बाहेर नेतेत काय वं?" सून हळूच म्हणाली, "तो तर होऊन गेला ना, मायजी." "दवाखान्यातले दिवस कायले मोजतं? घरी आली तवापासून धरतेत." मी म्हटलं, "बाई, डोळ्याचं काम आहे." तर मलाच हसली, "डोळे का पळून चालले? पाह्य कशी टुकूटुकू पाहून राहिली माह्याकडे!" तेवढ्यात एसटी निघून गेली. सासूचा सव्वा महिना फिटल्यावर नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पडदा सुटला, आता उशीर झाला. काल तीच पोरगी माझ्या ओट्यावर बसली होती. आता शाळेच्या वयाची झाली आहे. नाक वर करून वास घेत म्हणाली, "आजी, कोणाच्या घरी बाळ झालं वं?" मी म्हटलं, मागच्या आळीत. तशी ती म्हणाली, "त्याले दिसते काय?"