तोंड सोडून मलम

आमचा मामा गाड्यांना रंग मारायचा. पोचा पडलेलं दार असं करून द्यायचा की मालकालाच शंका यावी, गाडी आपलीच ना? त्याच्या हातून रंगाचा थेंब कधी इकडचा तिकडे व्हायचा नाही. अशा माणसाची पन्नाशीच्या तोंडावर स्वतःची धार बिघडली. मोरीत समोर नेम धरावा तर डाव्या भिंतीवर, उजवीकडे वळावं तर पायावर, कधी एकीच्या दोन. वर जोर लावून लावून डोळे बाहेर यायची वेळ.

"अहो, मोरी धुवून धुवून माझं कंबरडं मोडलं," मामी म्हणायची. "गाडीवर नेम बरा लागतो!"

"दाब कमी पडतोय गं."

"मग हवा भरून घ्या कुठंतरी!"

गॅरेजात रंगाच्या गनचं तोंड चोंदलं की मामा बारीक सुई घालून ते मोकळं करायचा. एके सकाळी मामीनं त्याला तीच सुई घेऊन मोरीकडे जाताना पाहिलं. तिनं सुई काढून घेतली, कोपराला धरलं आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीण लेकीच्या वयाची. मामा काही कमरेचं सोडेना.

"काका, मी दिवसभर हेच बघते."

"आणि तुमचं काही जगावेगळं नाही," मामी म्हणाली. "मी सांगते ना."

टोकाची कातडी पांढरी पडून ताठरली होती आणि आवळत आवळत तोंड बारीक झालं होतं. "हे स्टिरॉइडचं मलम," डॉक्टरीण म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ पातळ थर लावा. कातडी मऊ पडली तर वाट मोकळी होईल. नाहीच झाली, तर छोटा छेद द्यावा लागेल."

छेद म्हटल्यावर पुढचं काही मामाच्या कानात शिरलं नाही. घरापर्यंत तो मांड्या आवळूनच चालला.

"पैलवान चोरून घेतात तेच ना हे?" मामीनं वाटेत विचारलं. "दंड फुगतील का?"

"दंडाला लावायचं नाहीये!"

सुरीच्या धाकानं मामा मलमाला चिकटला. हात धुवून, उजेडात उभं राहून, एकसारखा थर, कुठं ओघळ नाही. एवढं सुबक काम कुणाला दाखवता येत नाही, याचंच त्याला वाईट वाटायचं. पण तपासणीची वेळ आली तरी धार दुभंगलेलीच.

डॉक्टरीण भिंगातून बघत राहिली. "बाजूची कातडी छान सुधारलीय. तोंड मात्र जसंच्या तसं. काका, लावता कसं?"

मामानं हवेत बोट फिरवलं, गोल गोल, सफाईदार.

"आणि मधे?"

"मधे कसं लावीन?" मामा दुखावला. "कुलपाच्या भोकात रंग गेला तर किल्ली फिरेल का? भोक वाचवूनच काम करायचं असतं."

"काका, औषध त्या भोकासाठीच आहे!"

मामीनं कपाळाला हात लावला. "तरी मी म्हणते, मलम संपतंय आणि मोरी ओलीच!"

"मग आता कापणार?" मामानं पुन्हा मांड्या आवळल्या.

"एक संधी देते. ट्यूबचं टोक तोंडाशी टेकवा, जरासं आत जाऊ द्या. जास्त फासू नका, कातडी विरते."

आता खरी पंचाईत. आयुष्यभराचं वळण, ट्यूब जवळ आली की हात आपोआप बाजूला सरकायचा. मामी दाराबाहेर पहारा द्यायची.

"लागलं का आत?"

"हो."

"खरं सांगा!"

"थांब... आता लावतो."

शेजारणीनं विचारलं, काय लावतायत? मामी म्हणाली, "कडी."

पुढच्या खेपेला डॉक्टरिणीनं भरपूर पाणी प्यायला लावून मामाला आधी संडासात पाठवलं. मामीनं दाराला कान लावला. बाकावरचे पेशंट बघत राहिले. बराच वेळ आत सामसूम. मामीनं डोळे मिटून घेतले. आणि मग घागरीत नळ सोडावा तसा आवाज सुरू झाला, न तुटता, न अडखळता.

"एकच आहे!" मामी ओरडली. "अहो डॉक्टरीणबाई, एकच!"

तपासून डॉक्टरिणीनं छेद रद्द केला. मलम मात्र कमी करत करतच सोडायचं, म्हणाली. मामा पट्टा आवळत बाहेर आला, तर बाकावरचे एक आजोबा उठून वाटेत उभे.

"त्या मलमाचं नाव काय हो?" ते हळूच म्हणाले.

"नावाचं राहू द्या," मामा म्हणाला. "आधी आत जाऊन लावायचं कुठं ते विचारून घ्या."