चार फर्म्यांचं पुस्तक

तर छापखान्यातून आलेला गठ्ठा हातात घेतल्याबरोबर बाइंडरमामांना कळलं, वजनात गफलत आहे. चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेला माणूस, त्याला मोजावं लागत नाही. तरी मोजलं. सोळा पानांचा एक फर्मा, असे प्रतीला चारच. यायला हवे होते एकोणीस.

मामांची शाळा सातवीपर्यंतच. इंग्रजी शिकवलं ते फाटक्या डिक्शनऱ्यांनी. कॉलेजच्या लायब्ररीतून त्या पाठ मोडून यायच्या आणि खळ वाळेपर्यंत मामा त्या वाचत बसायचे. चमत्कारिक शब्द दिसला की वहीत उतरवायचा आणि पुढे त्याचा अर्थ, आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीनं. झार्फ म्हणजे बिनकानाच्या गरम पेल्यानं हात पोळू नये म्हणून बाहेरून घालायचं कोंदण. झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार. एग्लेट म्हणजे बुटाच्या नाडीच्या टोकाचं टोपण, ‘हे निघालं की माणूस नाडी थुंकीनं ओली करत बसतो.’

अशा सहा वह्या भरल्या. मामी चहा बशीत ओतून पुढे सरकवायच्या. ‘‘घ्या. तुमचं ते झार्फ मिळालं की कपात देईन.’’

जावई शब्दखेळाच्या क्लबाचे सेक्रेटरी. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवायचे, असा तो खेळ. सगळी गल्ली मामा म्हणायची, म्हणून तेही मामाच म्हणत. ‘‘मामा, वह्या द्या. पुस्तक काढू. खेळाडूंच्या उड्या पडतील!’’ मामा हरखले. शिवण मीच करणार, म्हणाले. आणि आज हे चार फर्मे.

‘‘जावईबापू, बाकीचे कधी येतायत?’’

‘‘बाकीचे कुठले? झालं की सगळं.’’

‘‘अन् अर्थ?’’

‘‘अहो मामा, अर्थाला गुण कुठे असतात! झॅक्स पटावर बसला की बसला. त्यानं काय तासतात ते कोण विचारतंय? उलट पाठांतरात मध्ये येतात.’’

जावयाच्या मनात पाप नव्हतं, हेच वाईट. पाप असतं तर भांडता आलं असतं. मामांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, ‘‘लेकीचं घर आहे ते. जपून बोला.’’ मामांनी गठ्ठा पुढ्यात ओढला.

एवढ्याशा पानांना दोन पिना मारून भागलं असतं. मामांनी दोरा घातला. दोनशे प्रती. अक्षरांच्या संख्येप्रमाणे रांगेत उभे केलेले शब्द टाक्याटाक्याला डोळ्यांसमोरून जात होते, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लोकांसारखे मुके. दोनशे वेळा ते पाहावं लागलं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. एक चुणचुणीत मुलगी धावत आली. ‘‘आजोबा, दोन दिवसांत सगळं पाठ! एग्लेटवर तर आत्ताच एक डाव मारला!’’

‘‘वा! आणि एग्लेट असतं कुठे गं?’’

‘‘पाच अक्षरांच्या यादीत!’’ ती म्हणाली आणि पळाली. बुटाची नाडी मागे लोळत होती.

मग जावयानं माईक हातात घेतला. या पुस्तकामागे आमच्या मामांची आयुष्यभराची मेहनत आहे, म्हणाले, संकलक म्हणून पहिल्याच पानावर त्यांचं नाव आहे. टाळ्या झाल्या. ‘‘या मामा, दोन शब्द बोला.’’

शेजारी बसलेल्या मामींनी सदरा ओढला. मामांनी तो सोडवून घेतला आणि ते उभे राहिले.

‘‘पहिल्या पानावरचं माझं नाव पुढच्या वेळी काढा. शिवण माझी आहे, दोरा पक्का आहे, पानं सुटणार नाहीत. पुस्तक माझं नाही.’’