दरी दिसेपर्यंत

निळ्या डोंगरांतल्या ब्लॅकहीथ गावाच्या कड्यावर 'फर्नली' नावाचं पाहुण्यांचं घर आहे. त्याची मालकीण ग्लेनिस अ‍ॅशकोम. मूळची खालच्या पॅरामाटा शहरातली, कचेरीत टंकलेखन करणारी मुलगी. तरुणपणी मैत्रिणीबरोबर दोन रात्री हवा खायला म्हणून वर आली, आणि धुकं पडलं.

आमच्या डोंगरावरचं धुकं म्हणजे काय सांगू! इतरांचं धुकं खिडकीबाहेर असतं. आमचं आत येऊन जेवणघरात खुर्ची ओढून बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. घराचा मालक नेव्हिल तेव्हा बिनलग्नाचा. त्याला ही मुलगी आवडली. सरळ तोंडानं सांगावं ना? पण नेव्हिल पडला मुखदुर्बळ. त्यानं एक फळी घेतली, रंगाचा डबा घेतला आणि फाटकावर लिहून टांगलं, 'ओसरीवरून दरी दिसेपर्यंत मुक्काम आमच्याकडून.' मैत्रीण कंटाळून आगगाडीनं घरी गेली. ग्लेनिस थांबली. धुकं उठलं तोवर नेव्हिलच्या आईनं तिला चादरींच्या घड्या घालायला बसवलं होतं. संपलं की मग!

त्यांच्या लग्नात मी अकॉर्डियन वाजवला होता. मी खालचा, मेगालाँगच्या खोऱ्यातला. माझी गुरं खाली, माझं दूध-लोणी वर त्यांच्या घरी. त्यामुळं चुलीपर्यंतची सगळी खबर मला. लोक यायचे, ओसरीच्या कठड्याला रेलायचे, निळ्या डोंगरांकडं बघून उसासा टाकायचे आणि म्हणायचे, "काय नशीबवान हो तुम्ही! रोज हे बघायला मिळतं!" ग्लेनिस म्हणायची, "हो ना." आणि आत जाऊन चादरी उकळत ठेवायची. ईस्टरला घर भरलेलं, शाळांच्या सुट्टीत भरलेलं, नाताळात तर माळ्यावरसुद्धा माणसं. पाहुणे सुट्टी घेतात तेव्हाच पाहुण्यांच्या घराला सुट्टी नसते. ती मला एकदा म्हणाली, "वॉली, दरी कशी दिसते ते तूच सांग बाबा. माझी तिच्याकडं पाठ असते."

नेव्हिल छातीच्या दुखण्यानं गेला. त्याची फळी मात्र राहिली. दर वसंतात तो ती नव्यानं रंगवायचा, मग ग्लेनिस रंगवू लागली. एखाद्याला सांगायचं, की बाबा, तो नियम आता नाही? छे! मेलेल्या माणसाचा शब्द कोण मोडणार?

मग आला क्लॅरी हॉबडे. डोंगरापलीकडच्या लिथगोचा निवृत्त इंजिन ड्रायव्हर, बायको वारलेली, वेळ जात नाही म्हणून जळणाची लाकडं विकणारा. 'फर्नली'ला लाकडं लागायची हे खरं, पण दर आठवड्याला गाडीभर? मी त्याला विचारलं, "काय रे, त्या घरात माणसं राहतात की वाफेचं इंजिन?" तो लाजला. साठी उलटलेला बाप्या कानापर्यंत लाल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

क्लॅरीनं एक कॅरॅव्हॅन घेतली होती. गाडीमागं जोडायचं चाकांवरचं घर. त्याचे दोन जुने सोबती आपापल्या बायका आणि कॅरॅव्हॅन घेऊन हिवाळाभर उत्तरेला ऊन खायला निघणार होते; आमच्या देशात ऊब उत्तरेकडं. वाटेत नुसता लाल मुरूम, एकट्यानं जायची सोय नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून रविवारी दुपारी लिथगोहून सुटायचं असं ठरलं. क्लॅरी ग्लेनिसला म्हणाला, "चल, ग्लेन. समुद्र दाखवतो. गरम पाण्याचा."

आणि ती हो म्हणाली! माझ्या बायकोनं ऐकलं तेव्हा तिच्या हातातला केक पालथा पडला. ग्लेनिसनं पुढचे सगळे पाहुणे नाकारले. शेवटचं एकच जोडपं राहिलं, डब्बोचे डेस आणि नोएलीन ट्रिकेट, दोन रात्रींसाठी. ते आले मंगळवारी संध्याकाळी. त्याच रात्री धुकं उतरलं.

गुरुवारी ट्रिकेट मंडळी जायला हवी होती. मी लोणी द्यायला गेलो तर डेस शिडीवर चढून पन्हळ दुरुस्त करतोय आणि नोएलीन ओसरीवर मान वर करून उभी, झिमझिम तोंडावर घेत. ते वर्ष मोठ्या दुष्काळाचं. डब्बोकडं जमिनीला भेगा पडलेल्या, मेंढ्या धुळीच्या रंगाच्या झालेल्या. ही बाई ओल्या हवेनंच खूष झाली होती.

"दरी दिसली का हो?" मी विचारलं.

"नाही ना!" ती इतक्या आनंदानं म्हणाली की विचारू नका. "बोटसुद्धा दिसत नाही पुढचं! मालकीणबाई म्हणाल्या, दिसेपर्यंत राहा. म्हटलं, राहतो. माझ्या केसांना कुरळेपणा आलाय, बघा, लग्नानंतर पहिल्यांदा!"

"फुकट खात नाही आम्ही," डेस वरून ओरडला. "पन्हळ झाली की मागचं दार घेतो. घासतंय ते."

स्वयंपाकघरात ग्लेनिस भोपळ्याचं सूप ढवळत होती. कोपऱ्यात तिची बॅग बांधून तयार. क्लॅरीची कॅरॅव्हॅन घरामागच्या गवतात उभी, आणि क्लॅरी मोरीपाशी बटाटे सोलतोय.

"सांगून टाक ना त्यांना," मी म्हणालो.

"मी सांगतो," क्लॅरी म्हणाला.

"खबरदार!" तिनं पळी उगारली. "मी मालकीण झाल्यापासून या घरातून दरी न बघता कुणी गेलेलं नाही. उद्या उठेल धुकं."

शुक्रवारी उठलं नाही. शुक्रवारी तर आणखी दाट झालं. चादरी वाळेनात, भिंतींना पाणी सुटलं. क्लॅरी तासातासाला ओसरीवर जाऊन फुंकर मारल्यासारखं तोंड करायचा. ग्लेनिस एका खोलीतून दुसरीत नुसती फिरायची. भांडं उचलायची, तिथंच ठेवायची. मला म्हणाली, "वॉली, या घरात हवाच नाही रे. इतक्या वर्षांत मला कधी कळलं नाही. आता जायचं ठरलं आणि श्वास लागायला लागला."

शनिवारी मला युक्ती सुचली. आमचं असं आहे, की वरचे लोक दरी म्हटलं की कड्यावरूनच बघणार. दरीत उतरून दरी बघावी हे त्यांच्या सात पिढ्यांना सुचलेलं नाही. धुकं बसतं कड्यावर. खाली माझ्याकडं स्वच्छ असतं. मी ट्रिकेट जोडप्याला पिकअपमध्ये घातलं आणि खाली आणलं. बायकोनं गरम स्कोन केले, म्हणजे आमचे चहाबरोबरचे छोटे पाव, आणि आलुबुखारचा जॅम काढला. अंगणातून सगळं खोरं दिसत होतं, कडे पार ढगात घुसेपर्यंत.

"झाली का बघून?" मी हात चोळत विचारलं.

डेसनं टोपी मागं सारून बराच वेळ वर बघितलं. "अर्धीच आहे की."

"वरची अर्धी अशीच असते. दगड."

"आणि फळीवर लिहिलंय 'ओसरीवरून'. ही तुमची ओसरी झाली." तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही आमची सोय म्हणून आणलंत हो. पण त्या बाईला मी जाऊन सांगू, दिसली म्हणून? तोंडावर खोटं? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

नोएलीन हळूच म्हणाली, "आणि इथं कोरडं आहे फार."

प्रामाणिक माणसाइतका कठीण अडसर दुसरा नाही. चोर असता तर खिडकीतून निघून तरी गेला असता.

रविवारी सकाळी मी गेलो तो निरोप घ्यायला. ग्लेनिस गेली तर तिचा, नाही तर क्लॅरीचा. क्लॅरीनं कॅरॅव्हॅन जोडून गाडी सुरू ठेवली होती. धुक्यात नुसते मागचे दोन लाल दिवे. आत ट्रिकेट जोडपं ओटची लापशी खात होतं आणि ग्लेनिस एप्रन बांधून दूध वाढत होती.

क्लॅरी टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. "ग्लेन, आता निघालो नाही तर ते लोक जातील. मी वाट बघायला सांगितलंय, पण चार म्हातारी माणसं किती थांबतील?"

"कोण जाणार? कुठं?" नोएलीननं चमचा खाली ठेवला.

क्लॅरीनं ग्लेनिसकडं बघितलं. ती दूध वाढत राहिली. मग त्यानंच सगळं सांगितलं. उत्तर, ऊन, समुद्र, गुरुवारपासून बांधून ठेवलेली बॅग.

"अगं बाई! गुरुवारपासून? अहो, मग बोलायचं नाही का!"

"पाहुण्यांना कसं बोलायचं?" ग्लेनिस म्हणाली.

"डेस, ऊठ. बॅग भर. आत्ता निघायचं."

डेस उठलाच होता. तेवढ्यात ग्लेनिस दारात आडवी झाली. "दरी न बघता? मुळीच नाही! बसा. लापशी गार होतेय."

सगळे जिथल्या तिथं थबकले. क्लॅरीनं टोपी डोक्यावर घातली. फक्त मान हलवली आणि वळला. बाहेर गाडीचं इंजिन धुगधुगत होतं.

ग्लेनिस दाराला धरून उभी होती. मी तिचे हात बघत होतो. चौकटीवर बोटं पांढरी पडली होती. मग तिनं एक हात सोडला, एप्रनची गाठ सोडली आणि एप्रन नोएलीनच्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "तुम्हाला बघायची आहे. माझी बघून झाली."

"थांबा म्हणजे? घरात? आम्हीच?"

"दिसेपर्यंत."

"आणि कुणी आलं तर?"

"चादरी वरच्या कपाटात. ओल्या असल्या तर चुलीपुढं टाका." किल्ल्यांचा जुडगा तिनं डेसच्या लापशीशेजारी ठेवला. "मागचं दार तुम्हीच केलंय, आता घासत नाही."

ती बॅग घेऊन जवळजवळ पळतच बाहेर पडली. मी म्हणालो, "थांब गं, वाट दिसत नाही, मी पुढं होतो." माझी पिकअप पुढं, दिवे लुकलुकत, मागं क्लॅरीची गाडी, तिच्यामागं कॅरॅव्हॅन. माउंट व्हिक्टोरियाच्या घाटापर्यंत आम्ही मुंगीच्या चालीनं गेलो. आरशात मला तिच्या चेहऱ्याचा नुसता पांढरा ठिपका दिसायचा, काचेला चिकटलेला.

घाट अर्धा उतरलो आणि ढग संपला. एकदम. पुढं घाटाखालच्या हार्टली गावचं पिवळं गवत आणि त्यावर ऊन. मी बाजूला थांबलो, त्यांना पुढं जाऊ द्यावं म्हणून. पण क्लॅरीची गाडीही थांबली. ग्लेनिस दार उघडून रस्त्यावर उतरली, वळून वर ढगाकडं बघत.

"भट्टी!" ती म्हणाली. "क्लॅरी, मी भट्टीत पाव ठेवलाय. परत जायला हवं."

क्लॅरीनं इंजिन बंद केलं नाही. "नोएलीनला नाक आहे," तो म्हणाला.

"तिला माहीत नाही, भट्टी डावीकडं जास्त भाजते. पाव फिरवावा लागतो."

"मग करपेल एका बाजूनं."

ती तिथंच उभी. एक पाय रस्त्यावर, एक पाय गाडीच्या पायरीवर. मागून एक लॉरी आली, भोंगा वाजवत बगल देऊन गेली. मला वाटलं, आता ही पायी वर जाते.

"एका बाजूनं," ती म्हणाली. आत बसली, आणि दार इतक्या जोरानं ओढून घेतलं की मागची कॅरॅव्हॅन हलली.