वावटळराव येताना पंखा पाचवर

सुनीलचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. समोर एक आजोबा हयातीचा दाखला घेऊन उभे होते. सुनीलचं नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात, कापडाचं दुकान आहे आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळी तो कुणाला फोन करत नाही, म्हणून मी उचलला. "सुषमा, हेमराज गेला यार," तो म्हणाला. "शाळेत... हजेरी घेता घेता खुर्चीत बसला, और बस..." आणि माझ्या तोंडून निघालं, "मग रविवारी?" माणूस गेल्याचं कळल्यावर असं कुणी विचारतं का? मी विचारलं. पलीकडून सुनील म्हणाला, "मैं भी वही सोच रहा हूँ." आजोबांच्या दाखल्यावर मी शिक्का उलटा मारला, तेही त्यांनीच दाखवून दिलं.

काही आठवडे झाले, तरी मला अजून ते नीट कळलेलं नाही. रडू यायला हवं, तर तेही परवापर्यंत धड येत नव्हतं. हेमराजला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. शाळेत भूगोल शिकवायचा, सायकलवर यायचा-जायचा. आमच्या नागपुरात राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा माणूस! मी मनीषनगरहून गाडीवर येऊनही धापा टाकायचे तेव्हा मला म्हणायचा, "चालत जा वं जराशी, नाहीतर एक दिवस अचानक जाशीन." मी जिवंत आहे. तो अचानक गेला. याचा मला दुःखाइतकाच राग येतो, आणि राग काढायला तो समोर नाही.

कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. पुढे त्याने शाळा धरली, मी बँक. लग्न त्याने केलं नाही. इतवारीमागच्या विणकरांच्या गल्लीत तो आणि त्याची आई, दोघंच राहायचे. एकदा सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एका खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. राक्षस, जादूगार, तलवारी आणि अनेक पैलूंचे विचित्र फासे. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि आपण मारलेला वार लागला की हुकला ते फासा ठरवणार. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "चाळिशी आली, आता भातुकली खेळायची का?" तो म्हणाला, "तू बस त मग बोल." मी बसले ती उठलेच नाही. मी, सुनील आणि शाळेत ग्रंथपाल असलेली माधवी असे आम्ही तिघं खेळणारे, आणि हेमराज सांगणारा. दर रविवारी दुपारी, त्याच्या घरच्या पुढच्या खोलीत.

ती खोली आधी माहीत असायला हवी. लांबट आणि ठेंगणी. मधोमध फरशीत सिमेंटचा एक वेगळ्या रंगाचा चौकोन, त्याला लागून टेबल आणि बरोब्बर त्या चौकोनावर हेमराजची खुर्ची. एकदा विचारलं तर म्हणाला, "बाबूजीचा हातमाग होता तिथं. पाय सोडाचा खड्डा बुजवला." बाबूजी म्हणजे त्याचे वडील. हेमराज सातवीत असताना ते गेले. भिंतीवर त्यांचा फोटो होता, टोपी घातलेला. त्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. खोलीला लागून स्वयंपाकघर, मधल्या दाराला पडदा. पडद्यामागे काकू, म्हणजे त्याची आई, चहा ठेवायच्या.

त्या इंग्रजी पुस्तकात एक जात होती हवेच्या जिन्नांची. ढगांत महाल बांधून राहणारे, वावटळ होऊन फिरणारे, हवेतून ताटभर जेवण काढणारे आणि मानी. हेमराजने त्यातला एक उचलला आणि त्याचं पार वऱ्हाडी करून टाकलं. नाव ठेवलं वावटळराव. हा जिन्न यायचा असला की हेमराज उठायचा, भिंतीवरचा रेग्युलेटर खटखट फिरवून पंखा पाचवर न्यायचा, आणि टेबलावरचा खेळाचा नकाशा उडायचा. आम्ही तिघं झडप घालून त्याच्यावर हात ठेवायचो. मग हेमराजच्या गळ्यातून एक निराळाच आवाज निघायचा... जरा घोगरा, शेवटचा शब्द लांबवणारा, कशालाही घाई नसलेला. तो आवाज आम्हाला इतका ओळखीचा झाला होता, की फोनवर कधी त्याने काढला असता तर मी "नमस्कार वावटळराव" म्हटलं असतं.

पहिल्यांदा तो आला तेव्हा आम्ही एका गुहेत दगडांखाली अडकलो होतो. सुनीलने घाईने हुकूम सोडला, "ए जिन्न, ये पत्थर हटा!" हेमराजने त्याच्याकडे असं पाहिलं की सुनील खुर्चीत मागे सरकला. "सकाऊनपासून उडून राहिलो मी," तो घोगरा आवाज म्हणाला, "अन् तुमी मले बस बी नाई म्हनत? पानी बी नाई इचारत? पडा मंग दगडाखाली." पंखा बंद. आम्ही तिघंही मेलो. त्या रविवारी पुन्हा नवीन माणसं तयार करावी लागली, आणि तेव्हापासून आमचा नियमच झाला. पंखा पाचवर गेला, की कुणीतरी आधी म्हणायचं, "या, बसा. पाणी घ्या." मगच काय ते काम सांगायचं. सुनील हमखास विसरायचा आणि माधवी त्याला टेबलाखालून लाथ मारायची.

शेवटच्या रविवारी वावटळराव आमच्यावर फार खूश होता. "चाला गा," तो म्हणाला, "आज माह्या घरी जेवाले चाला." इतक्या रविवारांत पहिल्यांदाच! तो आम्हाला ढगांतून घेऊन गेला. हेमराजने हवा वर्णन केली ती भूगोलाच्या मास्तरासारखीच, कुठे गरम, कुठे गार, कानात दडे कसे बसतात. मग महालाचं दार आलं. वावटळरावाने कडी काढली... आणि हेमराजने जाऊन पंखा बंद केला. "आत काय हाय ते पुढच्या रविवारी." आम्ही आरडाओरडा केला. माधवी तर त्याच्या अंगावर फासे फेकत म्हणाली, "एक खोली तरी सांग ना!" तो हसत हसत फासे वेचत राहिला.

तो लिहून काहीच ठेवायचा नाही. "डोक्यात हाय नं," म्हणायचा. तो महाल, त्याच्या आतलं जे काही असेल ते, सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि अंबाझरीच्या घाटावर त्याच्याबरोबर जळून गेलं. घाटावर मला सारखं तेच सुचत होतं आणि स्वतःचीच लाज वाटत होती. लोक हेमराजसाठी रडत होते आणि मी एका दाराशी उभी होते.

मग परवा काकूंचा फोन आला. तेरवी होऊन बरेच दिवस झाले होते. "रविवार हाय," त्या म्हणाल्या. "येऊन राहिले ना तुमी लोकं?" नाही कसं म्हणणार? आम्ही तिघं गेलो. खोली तशीच होती. मे महिन्याची दुपार, पंखा बंद, आणि तिघांपैकी एकाचीही त्या रेग्युलेटरला हात लावायची हिंमत नाही. घामाने थबथबत आम्ही आपापल्या खुर्च्यांवर बसलो. चौथी रिकामी. काकूंनी चहा आणि पाणी आणलं, त्या उभ्याच राहिल्या आणि अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग? काय होतं त्याच्या घरात?"

आम्हाला समजेना. "कुणाच्या घरात, काकू?"

"वावटळरावच्या. दार उघडलं नं त्यानं."

इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, पडद्यामागे चहा होतोय. काकू तिथे पाटावर बसून दर रविवारी ऐकत होत्या! माधवीने कसंबसं विचारलं, "तुम्हाला आवडायचं हे, काकू?"

"मले काय समजते तुमचं, फासे न् राक्षस," काकू म्हणाल्या. "मी त्याच्या बाबूजीसाठी बसत होती." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही, खुर्चीखालच्या सिमेंटच्या चौकोनाकडे पाहिलं. "माग चालू असला की ह्या खोलीत पंखा लावता येत नव्हता. सूत सुकते, तुटते. उनाळ्यात बी नाई. दिवसभर ते घामानं निथळून राहायचे अन् कोणाशी बोलायचे नाई. हेमू त्या उंबऱ्यावर बसून वाट पाहे. काम झालं की ते खड्ड्यातून वर येत, पंखा फुल करत, अन् म्हनत..." आणि काकूंच्या तोंडून तोच आवाज आला. घोगरा, शेवटचा शब्द लांबवणारा. "सकाऊनपासून राबून राहिलो मी, अन् तुमी मले बस बी नाई म्हनत? पानी बी नाई इचारत?"

मी सुनीलकडे पाहिलं, तो फोटोकडे बघत होता. आम्ही ज्याला हेमराजने रचलेला समजत होतो, ज्याच्याशी इतके रविवार भांडलो, हसलो, ज्याला पाणी विचारलं, तो एक खरा माणूस होता. या खोलीत राबलेला. आणि हेमराजने आम्हाला कधी एका शब्दाने सांगितलं नाही.

"दर रविवारी येत होते ते," काकू म्हणाल्या. "आता मले दोघं एकदमच गेले."

महालात काय होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. "त्याने तिथेच थांबवलं होतं, काकू. आम्हालाही नाही सांगितलं." काकू म्हणाल्या, "माग असन. दुसरं काय असन त्या मानसाच्या घरात?" आणि पदराने तोंड पुसत, किती गरम होऊन राहिलं म्हणत त्या भिंतीकडे गेल्या आणि त्यांनी रेग्युलेटर फिरवला. खट, खट, खट... पाचवर.

आम्ही तिघांनी एकदम टेबलावर हात मारले. नकाशा धरायला. टेबलावर नकाशा नव्हता, फासेही नव्हते. तीन जणांचे हात लाकडावर दाबलेले, आणि वर पंखा गरगरतोय. इतके दिवस न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

आणि सुनील, जो कायम विसरायचा, ज्याला कायम लाथ खावी लागायची, तो उठून उभा राहिला. कुणाकडेच न बघता म्हणाला, "या, बसा. पाणी घ्या."

काकू पंख्याकडे बघत उभ्या होत्या. मग त्या टेबलाला वळसा घालून आल्या, त्या चौकोनावरची खुर्ची ओढली आणि बसल्या. सुनीलने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. आमचे हात अजून टेबलावरच होते.