चुलीपाशी चालणारी मोटर

आमच्या खोऱ्यात खांदसुरेनला सगळे भित्री म्हणतात, आणि तिला त्याचा राग येत नाही. "आहेच मी भित्री," ती म्हणते आणि चहात मीठ घालते. लांडग्याला भिणं समजू शकतं. पण ही बाई कुरणं बदलताना जीपमध्ये बसली की पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून बसते, बॅटरीच्या तारांकडे पाठ करते, आणि दवाखान्यातली सुई दिसली की तिची सगळी दुखणी तिथल्या तिथे बरी होतात. तिचा नवरा गोंचिग तर म्हणायचा, "हिला घोड्यावर बसवलं तर आधी घोडा घाबरतो."

त्या गोंचिगला आणायला ती एकटी गेली, त्या दिवसाची ही गोष्ट.

सहकारी संघ मोडला तेव्हा गोंचिगच्या वाट्याला काही मेंढ्या, काही घोडे आणि संघाची जुनी जीप आली. जीपवर त्याचा आईपेक्षा जास्त जीव, असं त्याची आई यांजिव स्वतःच म्हणायची. त्या हिवाळ्यात जीपचा स्टार्टर बिघडला. किल्ली फिरवली की मोटर नुसती घुर्र करून फिरे, पण तिच्या टोकाचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकेच ना. ते अडकल्याशिवाय इंजिन फिरणार कसं? गोंचिग मोटर काढून गेरमध्ये, आमच्या लोकरीच्या गोल तंबूत, आणी, चुलीपाशी मांडी घालून ती उघडी, पुसे, बॅटरीची तार लावून बघे. तिथे मोटर मोठ्या झोकात फिरे आणि चाक टुणकन पुढे उडी मारी. "बघ, झाली की नाही!" म्हणत तो ती बाहेर नेऊन बसवी, आणि बाहेर पुन्हा घुर्र. असं तीन वेळा झालं. त्याने बॅटरीला शिव्या घातल्या, तारा बदलल्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. दर वेळी खांदसुरेन दिवा धरून उभी असायची, लांबून, हात ताणून. शेवटी त्याने नाद सोडला आणि जीप गेरमागच्या चढावर उभी करायला लागला, म्हणजे उतारावर सोडली की चालू होईल. इंजिन हाताने फिरवायचं लोखंडी हँडल होतं, पण ते शरदात डोंगरापलीकडच्या दोर्लिगने मागून नेलं होतं. मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही, आणि दिलेली वस्तू तोंडाने परत मागायची नाही, ही आमच्याकडची रीत. रीत चांगलीच आहे. हँडल मात्र दोर्लिगकडे राहिलं.

रात्रीच्या वादळात घोडे पांगले. गोंचिग पहाटेच तांबड्या घोड्यावर खोगीर टाकून त्यांच्या मागे गेला. वादळ थांबलं होतं, पण थंडी अशी पडली होती की थुंकी जमिनीवर पडेपर्यंत तिचा खडा व्हावा.

दुपार व्हायच्या आधीच तांबडा परत आला. एकटाच. खोगीर रिकामं, एक लगाम तुटलेला, पुढचा पाय उचलून लंगडत. खांदसुरेनने त्याला दारातून पाहिलं आणि तिच्या हातातली शेणाची पाटी खाली पडली.

"आई, तांबडा आलाय."

"आणि माझा मुलगा?"

यांजिव काठी टेकत बाहेर आली. तिने घोड्याच्या मानेवर हात ठेवला, रिकाम्या खोगिराकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोगीर उतरवायचं नाही. ज्याने चढवलं तोच उतरवेल. कळलं?"

"कळलं."

"मग उभी काय राहिलीस? जा की!"

"कशावर जाऊ? बाकीचे घोडे पांगलेत. हा तर पाय टेकवत नाही."

दोघींनी एकदमच चढावरच्या जीपकडे पाहिलं. उन्हाळ्यात सपाट माळावर गोंचिगने खांदसुरेनला हौसेने चालवायला शिकवलं होतं, आणि ती "थांबव, थांबव" म्हणून ओरडत शिकली होती. पण बर्फात पडलेला माणूस ऊन उतरेपर्यंतच माणूस असतो, हे आमच्याकडे लेकरांनाही ठाऊक आहे. आणि त्या दिवसांत ऊन म्हणजे केवढंसं? उगवलं म्हणेपर्यंत कलतं.

हिवाळ्यात बॅटरी गेरमध्येच झोपते. ती उराशी धरून, धापा टाकत, खांदसुरेनने जीपपर्यंत नेली आणि डोळे बारीक करून तारा जोडल्या. भीतीच्या घाईत एक गोष्ट मात्र ती विसरली. आमच्याकडे गाडी सुरू करायच्या आधी इंजिनाखाली निखाऱ्यांची पाटी सरकवून तेल पातळ करून घेतात. तिने तसंच जीपला सोडलं. जीप घरंगळली, तिने गिअर टाकला, आणि डांबरासारख्या घट्ट तेलात अडकलेल्या इंजिनाने मागची चाकं जागीच धरून ठेवली. जीप बर्फावरून घसरगुंडीसारखी खाली आली आणि गेरच्या दारासमोर सपाटीवर थांबली, मुकी.

आता उतार नव्हता, हँडल नव्हतं. उरला तो स्टार्टर.

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मोठ्याने रडली, कारण ऐकायला कोण होतं? ऐकायला यांजिव होती.

"रडून गाडी चालू होत असती," म्हातारी खिडकीशी येऊन म्हणाली, "तर या हिवाळ्यात माझ्या मुलाने तिला उलानबातरपर्यंत नेलं असतं. उतर! पाने कुठल्या पेटीत असतात ते तुला माहीत आहे ना?"

माहीत होतं. कुठला पाना कुठल्या नटाला, हेही माहीत होतं. भिऊन लांब उभं राहणाऱ्या माणसाचे डोळे उघडेच असतात. म्हातारीला निखारे इंजिनाखाली सरकवायला सांगून तिने आधी बॅटरीची तार सोडली, मग आडवी होऊन मोटरीचे नट सैल केले. हातमोज्याने नट धरता येईना आणि उघडं बोट लोखंडाला चिकटून बसे. सोडवलं की कातडं लोखंडावरच राही. मोटर हातात आली तेव्हा तिच्यावर दोन बोटांचं रक्त होतं.

बॅटरीही गेरमध्ये आणून चुलीपाशी तिने गोंचिगसारखीच मांडी घातली. मोटर पुसून पायाखाली दाबून धरली, तार लावताना तोंड फिरवलं. ठिणगी उडाली, तिच्या तोंडून किंकाळी निघाली, मोटर झोकात फिरली आणि चाकाने टुणकन उडी मारली.

"चालली की!" यांजिव म्हणाली. "बसव जा."

"यांच्या हातानेही इथे चालायचीच की आई."

"तुझ्या हाताने चालली ना? मग बसव!"

तिने बसवली. किल्ली फिरवली. घुर्र.

पुन्हा फिरवली. घुर्र.

सूर्य डोंगराच्या माथ्याकडे सरकला होता. तिला गोंचिगचा चेहरा आठवेना, फक्त त्याचे बूट आठवत होते. सकाळी त्याने पायात घातले तेव्हा ओले होते का कोरडे, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. ओले असतील तर? तिने त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

यांजिवने तिच्या हातात मटणाच्या साराचा वाडगा कोंबला. "दोन घोट पी. त्या हातांनी पाना धरणार आहेस का?"

वाडगा जीपच्या टपावर ठेवून ती टेकाडावर पळत गेली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून बघू लागली. पांढरं, सगळं पांढरं, आणि तांबड्याच्या पावलांची रेघ वारा हळूहळू पुसत होता. कुठेही काळा ठिपका नाही. ती परत आली, सवयीने वाडगा उचलला आणि तिरका केला. सार सांडलंच नाही. वर चरबीचा जाड पांढरा थर धरला होता. बोटाने दाबला तर बोट आत जाईना.

ती वाडग्याकडे बघतच राहिली. मग ओरडली, "आई! मोटरीला ग्रीस म्हणून यांनी काय लावलं होतं?"

"ग्रीस कुठलं आणायचं? संघ गेला, संघाबरोबर ग्रीसही गेलं. मीच दिली त्याला शेपटीची चरबी. चांगली, आपल्या मेंढीची. बाळाच्या ओठाला लावतो, बुटाला लावतो, खोगिराला..." बोलता बोलता म्हातारीची नजर वाडग्यावर गेली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

चुलीपाशी चरबी पातळ होती म्हणून चाक उडी मारत होतं. बाहेर न्यायची खोटी, तीच चरबी चाकाला जागीच गोठवून टाकत होती. आणि गोंचिग दर वेळी दुरुस्ती म्हणून तीच पुन्हा नव्याने, प्रेमाने, भरपूर लावत होता.

"मी लावायला लावली," यांजिव पुटपुटली. "माझ्याच पोराला मी..."

"आई, निखारे बदला! ते विझायला आलेत."

पेट्रोलचा डबा आणि चूल एका छताखाली नको, म्हणून मोटर काढून ती गेरच्या आडोशाला बसली. ती पेट्रोललाही भिते. लोखंडी परातीत ते ओतून तिने दांडा आणि चाक धुतलं, चिंधीने घासलं, काडीने चाकाच्या फटीतला पिवळा थर खरवडला, पुन्हा धुतलं. गार पेट्रोलने बोटं आधी भाजली, मग दुखली, मग तिची राहिलीच नाहीत. बोटं कुठे आहेत ते बघून बघून काम करावं लागलं. वर काहीही लावलं नाही. कोरडं ठेवलं. तरीही तिने घाई केली नाही. मोटर तशीच बर्फावर ठेवली, ती पुरती गारठेपर्यंत. त्या वाट बघण्याइतकं भयंकर त्या दिवशी दुसरं काही नव्हतं, असं ती अजून सांगते. मग जीपमधली बॅटरी काढून आणून तार लावली. या वेळी तोंड फिरवलं नाही, चाकाकडे बघायचं होतं. चाकाने उडी मारली.

मोटर बसवली. किल्ली फिरवली. घुर्र नाही, दणका बसला, आणि इंजिन जडपणे एकदा, दोनदा फिरून खोकलं आणि पेटलं. यांजिवने दुधाची कढई उचलून जीपमागे पळीपळीने दूध उडवायला सुरुवात केली, आकाशाला, डोंगराला, जीपच्या चाकांना. म्हातारीचं नेमकं कुणाला साकडं चाललं होतं, तिलाच माहीत.

तांबड्याच्या पावलांची रेघ पुसट होत होती. खांदसुरेन जीप चालवत होती म्हणण्यापेक्षा जीपला धरून बसली होती. वाटेत ती सारखी काहीतरी बोलत होती. गोंचिगशी, जीपशी, देवाशी. मध्येच नुसतं "बूट, बूट". घळीच्या तोंडाशी काळ्या खडकाच्या आडोशाला तिला गोंचिगच्या देलची, त्या लांब डगल्याची, निळी बाही दिसली. तिने सगळं विसरून ब्रेकवर पाय दाबला. क्लचचा पाय तिच्या लक्षातच राहिला नाही.

जीपने आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

एवढी शांतता तिने आयुष्यात ऐकली नव्हती. इथे उतार नव्हता, चूल नव्हती, निखारे नव्हते. होता फक्त वारा. ती खाली उतरून खडकाकडे धावली.

गोंचिग खडकाला टेकून बसला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, भुवया पांढऱ्या. डोळे उघडे होते. त्याने जीपकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बंद का पडली?" त्याचे ओठ हलत नव्हते, शब्द कसेबसे बाहेर पडत होते.

"पडली नाही," खांदसुरेन म्हणाली. "मीच बंद केली. पेट्रोल जाळायचं कशाला उगाच?"

"तू?"

"हो, मी. बोलू नका. मानेला धरा."

तिने त्याला ओढत नेलं, अर्धं उचललं, अर्धं ढकललं. तो पायाच्या वेदनेने ओरडला तेव्हा तिला बरंच वाटलं. ओरडणारा माणूस जिवंत असतो. त्याच्यावर मेंढीचं कातडं टाकून ती स्टिअरिंगपाशी बसली. किल्लीवर हात ठेवला. आतल्या आत ती त्या चाकाला म्हणत होती, उडी मार, उडी मार रे बाळा.

तिने किल्ली फिरवली. चाकाने उडी मारली. इंजिन पेटलं.

गोंचिगच्या भुवयांचा बर्फ वितळून गालांवर आला. निदान तो तसं म्हणतो.

घरी पोचल्यावर यांजिवने पोराला कुशीत घेतलं, आणि चरबीची सगळी कथा सुनेच्या आधी स्वतःच सांगून टाकली, कपाळ बडवत. त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली, पाय वाकडा जुळला. तांबड्याचं खोगीर तेवढं त्यानेच उतरवलं, दारात पोत्यावर बसून, कारण म्हातारी दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

यांजिव आता नाही. दोघांचेही केस पिकलेत. पण पहिलं वादळ झालं की गोंचिग चहाचा वाडगा खाली ठेवतो आणि विचारतो, "काय गं, त्या दिवशी जीप खरंच तूच बंद केली होतीस?"

अर्धं आयुष्य त्याने इंजिनांपाशी काढलंय. आचका देऊन मेलेलं इंजिन आणि किल्लीने बंद केलेलं इंजिन, यांतला फरक त्याला झोपेतही कळतो. त्या दिवशी खडकाला टेकून तो तेवढंच तर ऐकत होता.

"हो," खांदसुरेन म्हणते. "मीच."

"बरं," तो म्हणतो, आणि वाडगा उचलतो.