कुलूपही त्याच्याच दुकानात, किल्लीही

छातीतल्या गाठीचा तुकडा बिदरच्या दवाखान्यात तपासायला दिला, तेव्हा खिडकीवरच्या पोरीनं ईमेल विचारला. मी ऐटीत कमलनगरच्या झेरॉक्सवाल्याचा सांगितला. आमच्याकडं सगळे त्याचाच देतात. पीकविमा असो की दहावीचा निकाल, अख्ख्या गावाला ईमेल एकच. रिपोर्ट आला तसा त्यानं छापला आणि गावच्या जीपवाल्याकडं दिला, बिनपाकिटाचा. माझ्या हाती येईपर्यंत जीपभर माणसांनी वाचला होता. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "गाठ काढावी लागतीया म्हनं?" माझ्या छातीची बातमी मला तिच्याकडून कळली.

नात त्याच दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. फोनवर तिला असं झाडलं की ती जेवली नसावी. ऑपरेशन झालं, आणि रोग पुरता निघाला का, हे सांगणारा रिपोर्ट यायच्या आत तिनं बंदोबस्त केला. दवाखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक मेल एका मशीनमधून जातो. आत पेशंटचा नंबर दिसला की ते मशीन आपणहून मेलला कुलूप घालतं, कुणी लक्षात ठेवायची गरज नाही. करून बघायला एक खोटा मेल तिनं त्याच पत्त्यावर पाठवलाही.

तासाभरात झेरॉक्सवाल्याचा फोन. "आक्का, कुलूपबंद आलंतं. पर किल्ली मागनं आलेल्या मेलात होती, उघडलो."

पुन्हा नातीला फोन. ती म्हणाली, "आज्जी, ज्या पत्त्यावर मेल, त्याच पत्त्यावर किल्ली जाती."

"अन् त्या पत्त्यावर अख्खं गाव ऱ्हातंय, त्याचं काय?"

ती हळूच म्हणाली, "पत्ता तूच दिलीस की."

खरं बोलली, म्हणून जास्तच राग आला.

आणि मी कोण सती-सावित्री? नवी नवरी होते तेव्हा गल्लीत वाचता येणारी सून मी एकटीच. हैदराबादला गेलेल्या नवऱ्यांची पत्रं बायका माझ्याकडून वाचून घ्यायच्या. डोक्यावर पदर, नाकात नथ आणि पोटात एक गोष्ट टिकेल तर शपथ. एकीच्या नवऱ्यानं लिहिलं, परत येणार नाही. ती घरी पोचायच्या आधी मी आडावर पोचले. त्यानंतर ती आमच्या आडावर कधी आली नाही, लांबच्या विहिरीवरून पाणी वाहायची. मला वाटायचं, तिला तिथलं पाणी गोड लागतं. एवढी मी हुशार.

नातीनं नियम बदलला. किल्ली, म्हणजे मेल उघडायचा नंबर, आता पेशंटच्या स्वतःच्या मोबाईलवर येते. खरा रिपोर्ट आला तेव्हा झेरॉक्सवाला फोनवर म्हणाला, "नंबर सांगा आक्का, छापून जीपला देतो."

"न्हाई."

मीच कमलनगरला गेले. त्याला दुकानाबाहेर उभं केलं, एका बोटानं नंबर दाबला, तो बाहेरून सांगेल तशी स्क्रीनही मीच बंद केली, आणि छापलेला कागद घडी करून पोलक्यात ठेवला. जीपमध्ये सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. कामून बघायलेत, मला ठाऊक होतं.

घरी येऊन दार लावून वाचलं. काय वाचलं ते नातीला ठाऊक आहे. तुम्हांला नाही सांगणार.