ताईचे चार टाके

मी डावरी. जेवताना मायचा फटका बसायचा, म्हणून घास तेवढा उजव्या हातानं घ्यायला शिकले. सुई मात्र डाव्याच हातात राहिली. आमच्या म्हसावदला बदलून आलेल्या एका मास्तरांची बायको तेव्हा मुलींना लोकरीचं भरतकाम शिकवायची. जाळीचं जाड कापड, सुरतेहून मागवलेली लोकर, आणि एकेका भोकातून तिरपा टाका. मी तिच्यासमोर बसून शिकले, त्यामुळे आरशात बघावं तसे माझे टाके उलटे कलायचे. "सगळे एकाच बाजूला आहेत ना? मग कोण बघतंय," असं मास्तरीणबाई म्हणायच्या.

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, बघायला तापीपलीकडची मंडळी येणार होती. ताई कामाला वाघ आणि स्वभावानं गाय, पण तिला जवळचं दिसत नव्हतं. भाकरी ती हाताच्या अंदाजानं थापायची. तांदूळ निवडायची वेळ आली की सूप गुपचूप माझ्याकडे यायचं. चष्मेवाली सून कोण करणार? म्हणून घरात त्याचं नावच काढायचं नाही. मायनं युक्ती काढली. मी भरत होते ते गुलाबाच्या परडीचं आसन ताईचं म्हणून दाखवायचं. एवढं बारीक काम करणारीच्या डोळ्यांवर शंका कोण घेईल?

आठ दिवस मी मान वर केली नाही. तिरप्या टाक्यांनी कापड ओढलं जाऊन वाकडं होतं. ते ओलं करायचं, चौकोनात ताणायचं आणि फळीवर खिळे ठोकून वाळवायचं. फळी म्हणून मी धान्याच्या कोठीचं लाकडी झाकण घेतलं. लाल लोकरीचा रंग उतरेल या भीतीनं रात्रभर जागी होते, पण उतरला नाही. मायनं मात्र एक कोपरा मुद्दाम रिकामा ठेवायला लावला. पाहुणे येतील तेव्हा ताई आसन मांडीवर घेऊन बसलेली दिसायला हवी, तेही सुईत लोकर ओवून! अति शहाणपणा म्हणतात तो हाच.

नवरदेवाची फुई, म्हणजे आत्या, पुरुषांना ओट्यावर सोडून थेट आत आली. तिनं आसन उचललं, उलटं करून मागून अंगठा फिरवला.

"कोनी करं हाई?"

"मन्ही पोरनीच करेल शे," माय म्हणाली आणि चुलीकडे वळली.

"मंग चार टाका घाली दखाड वं पोरी."

ताई बोटानं भोकं चाचपत होती. एक, दोन, तीन, चार. एकही भोक चुकलं नाही. आठ दिवस माझ्याशेजारी बसून तिनं हे नुसत्या बोटांनी घोकलं होतं. सुटलो, असं वाटलं, आणि मग मी नीट पाहिलं. ताई उजवी. तिचे चार टाके माझ्या सगळ्या टाक्यांच्या उलट कलले होते. ताईला ते दिसणं शक्य नव्हतं.

फुईला दिसलं. तिनं सुईतली लोकर ओढून काढली आणि सुई परत ताईच्या हातात दिली. "आते ओव," म्हणजे आता तूच ओव. ताईची लोकर सुईच्या शेजारून हवेत गेली. दुसऱ्यांदाही गेली. आता ही पुरुषांना हाक मारणार, गावभर होणार, ताईला पुन्हा कोणी विचारणार नाही.

हाक आली नाही. फुईनं सुईच्या टोकानं ते चारही टाके उसवले, बाहेर गेली आणि म्हणाली, "पोर पसंत शे."

माय देवापुढे साखर ठेवायला धावली. मला मात्र उमगेना. सगळं कळूनही ही बाई गप्प का? कोणाला विचारायचं तर आमचीच लबाडी उघडी पडणार होती. तसंच लग्न लागलं.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली. गावातल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. ही माझ्याजवळ कोपऱ्यात येऊन बसली. तिच्या दोन बोटांवर दातांचे वण होते. नवऱ्याला फेपरं येतं, ती म्हणाली. लग्नाच्या चौथ्याच दिवशी आलं. दातखीळ उघडायला तिनं बोटं घातली. ती किंचाळली तेव्हा फुईनं धावत येऊन आधी तिचं तोंड दाबलं.

"काय म्हनी ती?" मी विचारलं.

"म्हनी, तुन्हं आम्ही झाकं, आते आमनं तू झाक."

मी उठलेच. मायला सांगते म्हटलं. ताईनं माझा पदर धरला.

"कोनता तोंडे सांगशी?"

मी खाली बसले. चार दिवसांनी फुई तिला न्यायला आली. मायनं तिची खणानारळानं ओटी भरली.